सातव्या रकान्यातली एक ओळ

गुरुदास वायंगणकराने आयुष्यात पतपेढीचा एक पैसा इकडचा तिकडे केला नाही. ही गोष्ट खरी होती आणि मालवणच्या बाजारात ती सगळ्यांना ठाऊक होती. म्हणूनच त्याच्या हातून जे झालं, ते लोकांसमोर तोंडातून बाहेर काढायला त्याला पाच वर्षं लागली. चोर असता तर कदाचित लवकर कबूल झाला असता.

सागरतीर सहकारी पतपेढीची कचेरी मिठाच्या दुकानावर होती. अरुंद लाकडी जिना, वर दोन खोल्या, एक कपाट. गुरुदास तिथला सचिव. घरात मॅट्रिक झालेला पहिलाच, त्यामुळे वडिलांना त्याचं कोण कौतुक. जिन्याच्या खाली तो सगळ्यांसारखं मालवणी बोले, पण वरच्या पायरीवर पाय पडला की त्याची जीभ बदलायची. 'खंय' जायचं आणि 'कुठे' यायचं. लोक हसायचे, पण त्यांना ते बरंही वाटायचं. आपल्यातला माणूस सरकारी भाषा बोलतो, म्हणजे आपलं काम होणार.

कर्जाच्या प्रत्येक अर्जामागे एक चौकशीचा तक्ता जोडलेला असे. सहा रकाने साधे होते: जमीन किती, माड किती, जामीन कोण, असं सगळं. सातव्या रकान्यावर छापलेलं होतं, 'गुप्त अभिप्राय. अर्जदारास दाखवू नये.' हा रकाना सचिवाने समक्ष गावात जाऊन, चार माणसांना विचारून भरायचा. संचालक मंडळी बैठकीत दार लोटून घ्यायची, सातवा रकाना वाचायची आणि निर्णय करायची. अर्जदाराला जायची ती एका ओळीची चिठ्ठी.

१९५६ साली, शिमगा आठवड्यावर आला होता तेव्हा तारकर्लीची काशीबाई मोंडकर जिना चढून वर आली. सोबत तिचा चुलतदीर परशुराम मोंडकर, साठीला टेकलेला, अंगात धुवट बंडी. हा तिचा जामीन. काशीबाईचा नवरा धोंडू फत्तेमारीवर खलाशी. पाऊस संपला की मालाबरापासून मुंबईपर्यंत माल वाहायचा आणि पुढच्या पावसाला घरी यायचा. मधले आठ महिने घर काशीबाई चालवायची.

"काय कामासाठी कर्ज पाहिजे?" गुरुदासने विचारलं.

"काथ्यासाठी," ती म्हणाली. "दोन रहाट घेवचे आसत आणि सोडणा. आमच्या वाडीतली सोडणा यापारी उचलून नेता, आणि त्याच काथ्याचा सुंब आमी बाजारातसून इकत आणतो. ह्या काय बरा? चार बायो तयार आसत माझ्यावांगडा. आमीच कुजवतलो, आमीच वळतलो."

तिने सगळं मनात घोळवून आणलं होतं. नारळाची सोडणं खाडीत किती दिवस कुजवायची, एका रहाटावर दिवसाला किती सुंब वळून होतं, ते कुणाला विकायचं. चार बायांची नावंही तिने सांगितली. त्यात हौसाबाई होती, नवरा गेलेली, दोन लेकरं पदरात. अर्जावर काशीबाईने स्वतः सही केली. दुसरीपर्यंत शिकलेली, एकेक अक्षर दाबून काढलं तिने.

"घरची माणसं? यजमानांची तब्येत वगैरे?"

"बरे आसत. मालाबरात कालिकताक गेले."

परशुराम मध्येच म्हणाला, "माझी सही खंय घेतास? मी कोणाक सहजासहजी जामीन रवणंय नाय. पण हिका रवतंय."

वाडीत परशुरामच्या शब्दाला किंमत होती. जमिनीची बांधबंदिस्ती असो की सोयरिकीची बोलणी, साक्षीला तोच लागायचा.

चौकशीसाठी गुरुदास पुढच्या मंगळवारी सायकलने तारकर्लीला जाणार होता. नव्या वहाणांनी त्याची टाच सोलली होती. तारकर्लीच्या वाटेवर अर्ध्या ठिकाणी सायकल वाळूत रुतते, मग उतरून ढकलावी लागते. ऊन चढलेलं. तो गेला नाही, कारण एवढंच. पुढे अनेकदा त्याने दुसरं काही मोठं कारण आठवून पाहिलं, सापडलं नाही.

तो चहाच्या दुकानात बसला. समोर देवबागचा महादू होता. देवबाग तारकर्लीच्या पुढचं गाव, म्हणजे येणं-जाणं त्याच वाटेने. गुरुदासने सहज विचारावं तसं विचारलं, "मोंडकरांची काशी म्हायत आसा काय रे तुका?"

"म्हायत आसा तर. बिचारी. तिचो घो मिरजेक हास्पितळात आसा. छातीचो रोग. रगात पडता."

तारकर्ली-देवबागच्या पट्टीत मोंडकरांची किती घरं आहेत, हे गुरुदासला चांगलं माहीत होतं. दोन काशी असतील हे आपल्या मनातच आलं नाही, असं तो पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत राहिला. पण ते खरं नव्हतं. ते मनात आलं होतं. 'खंयची काशी?' हे दोन शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते. चहा निवत होता, त्याने बशी उचलली, आणि महादू उठून गेला.

दुपारी त्याने सातवा रकाना भरला. अक्षर नेहमीसारखं वळणदार. 'समक्ष चौकशी केली. पती क्षयाने आजारी, मिरजेस. अर्जदाराने ही गोष्ट लपविली आहे. कर्ज देणे धोक्याचे.' खाली सही. गावात जाण्याचा बारा आणे भत्ता मिळायचा. तो मात्र त्याने घेतला नाही. न जाता भत्ता घेणं त्याला चोरी वाटली असती.

बैठकीत अध्यक्ष दाजी नाईकांनी ती ओळ वाचली, "अरेरे" म्हणाले, आणि पुढचा अर्ज घेतला. काशीबाईला चिठ्ठी गेली: 'आपला अर्ज मंजूर करता येत नाही. कळावे.'

पुढच्या वर्षीच्या श्रावणात गुरुदास खरोखरच तारकर्लीला गेला. गंगाराम नावाच्या एका मच्छीमाराचा अर्ज आला होता आणि त्याच्या घरापर्यंत जाऊन होडी बघणं भाग होतं. परतताना पाऊस कोसळला. सायकल माडाला टेकवून तो जवळच्या घराच्या ओसरीवर चढला. ओसरीवर एक उघडाबंब, काळाकुळकुळीत गडी बसला होता. दंड असे की नांगराचा दोर एकट्याने ओढील. तो पावसाकडे बघत मोठ्याने गाणं म्हणत होता.

"येवा, बसा. भिजलात मरे," तो म्हणाला आणि आत वळून ओरडला, "गो, पावणे इलेत. पाणी हाड."

पाण्याचा तांब्या आणि गुळाचा खडा घेऊन बाहेर आली ती काशीबाई.

तिने त्याला ओळखलं. त्यानेही तिला ओळखलं. पण शेजारी बसलेला गडी कोण हे समजायला त्याला एक क्षण लागला, आणि समजलं तेव्हा हातातला तांब्या त्याने खाली ठेवला. हा धोंडू. फत्तेमारी पावसाळ्यासाठी किनाऱ्याला ओढलेली, म्हणून घरी आलेला. ज्याला गुरुदासने दीड वर्षापूर्वी स्वतःच्या वळणदार अक्षरात मिरजेला नेऊन झोपवलं होतं, तो त्याच्यासमोर मांडी घालून गूळ खात होता.

"तब्येत बरी आसा मां तुमची?" गुरुदासच्या तोंडून निघून गेलं.

धोंडू हसला. "माका काय धाड भरली? माका ताप येवन पंधरा वर्सा झाली."

काशीबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती हसली नाही.

"भाऊ, एक इचारू?" ती म्हणाली. "पैशासाठी नाय. पैसे गेले ते गेले. माका इतक्याच सांगा, माझा काय चुकला? मी रोज इचार करतंय. सही वाकडी झाली? बायलमाणूस म्हणान? माझा बोलणा जास्ती झाला?"

गुरुदासने गुळाचा खडा तांब्याशेजारी ठेवला. आतापर्यंत तो ओसरीवर मालवणीतच बोलत होता. आता त्याची जीभ आपोआप बदलली.

"ते गुप्त असतं, बाई. आम्हाला सांगता येत नाही. नियम आहे."

"म्हणजे कोणीतरी सांगल्यान."

तो माडाला टेकवलेल्या सायकलीकडे बघू लागला.

"परशुराम भावजीनी सांगल्यानी. होय मां? सही करून गेल्यार फुडच्या शेनवारी ते एकलेच मालवणाक गेलले. कित्याक ता बोलले नाय. तेंची सोडणा मीच घेतलंय असतंय. माझो अर्ज पाडूक यापाऱ्यान तेंका भाव वाढवून दिल्यान. मी तवाच वळाखलंय."

'नाही' हा एकच शब्द पुरेसा होता. त्या एका शब्दाने कुठलाही नियम मोडला नसता. पण 'नाही' म्हटलं की तिने पुढे विचारलं असतं, 'मग कोणी?' आणि त्या प्रश्नाच्या टोकाला गुरुदास स्वतः उभा होता. तो पावसाकडे बघत राहिला. काशीबाईने त्या गप्प बसण्याचा अर्थ लावला आणि मान हलवली.

"कळला," ती म्हणाली. "तुमी बोललात नाय तरी कळला."

पाऊस थांबायच्या आधीच तो निघाला.

दुसऱ्या दिवशी त्याने तक्ता काढून वाचला. आपलंच अक्षर इतकं ठाम दिसेल असं त्याला वाटलं नव्हतं. दाजी नाईक एकटे असताना त्याने त्यांना सगळं सांगितलं. दाजी वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याला बसवलं, तपकिरीची चिमूट ओढली आणि शांतपणे समजावलं.

"चूक झाली, मान्य. पण तू 'समक्ष चौकशी केली' म्हणून सही ठोकलेली आहेस. ती एक सही खोटी ठरली की तुझ्या सगळ्याच सह्या खोट्या. उद्या पन्नास माणसं हा जिना चढतील, आमच्याबद्दल काय लिहिलंय दाखवा म्हणून. पतपेढी चालवायची की भांडणं सोडवायची? तिला म्हणावं, परत अर्ज कर. ह्यावेळी देऊन टाकू."

गुरुदासला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याचीच त्याला पुढे अधिक लाज वाटली. त्याने कार्ड टाकलं: नवीन अर्ज केल्यास सहानुभूतीने विचार होईल. उत्तर गंगारामने तोंडी आणलं. "ती म्हणता, एकदा नाक कापून घेतलंय, दुसऱ्यांदा खंयचा कापून घेव?"

यानंतरची चार वर्षं गुरुदास प्रत्येक चौकशीला स्वतः गेला. उन्हात गेला, पावसात गेला, चिखलातून सायकल खांद्यावर घेऊन गेला. चार माणसांऐवजी आठ जणांना विचारलं. दाजी नाईक वार्षिक अहवालात त्याच्या कष्टाळूपणाचं कौतुक करायचे. टाळ्या वाजायच्या. घरी त्याची बायको नर्मदा म्हणायची, "सगळे तुमचा नाव काढतत, आणि तुमचा तोंड असा कित्याक?" तो वहीत डोकं घालायचा.

तारकर्लीत गेलं की त्याला कळायचंच. काशीबाईने परशुरामच्या घराशी बोलणं टाकलं होतं. दोन्ही घरांची विहीर एक. तिने तिथलं पाणी भरणं सोडलं आणि ती दोन वाफ्यांपलीकडच्या मचूळ विहिरीवर जाऊ लागली. परशुरामच्या मुलीचं लग्न झालं तेव्हा मांडवाला लागून असलेल्या तिच्या घराचं दार बंद होतं. तिने कुणाकडे आरडाओरडा केला नाही. फक्त विचारणाऱ्याला खरं वाटणारं उत्तर दिलं. "तेनी जामीन रवान पाठसून माझो अर्ज पाडल्यानी. शेक्रेटरीक इचारलंय, तो नाय म्हणाक नाय." हळूहळू वाडीतल्या लोकांनी परशुरामला साक्षीला बोलावणं कमी केलं. कुणी भांडलं नाही. नुसतं बोलावलं नाही.

आणि हौसाबाई मुंबईला गेली. तिला काथ्याच्या कामाचा भरवसा होता. ते झालं नाही तेव्हा दोन्ही लेकरं सासूपाशी ठेवून गिरगावात कुणाच्या तरी घरी धुण्याभांड्याला राहिली.

१९६१च्या जानेवारीत परशुराम जिना चढून वर आला. आता त्याला दर दोन पायऱ्यांवर थांबावं लागत होतं. तो गुरुदाससमोर बसला आणि म्हणाला, "एक अर्ज लिवन दी. माका सभासद रवाचा नाय. माझ्या भागाचे पैसे माका परत करा."

"का हो? काय झालं?"

"माझ्या सहीचो उपेग नाय. काल भाच्यान जामीन होयो म्हणान दुसऱ्याक नेल्यान. माका म्हणालो, 'मामा, तुमी नको, लोक कायबाय बोलतत.' लिव तू. लिव, माझ्या सहीवर लोकांचो इश्वास नाय, म्हणान मी सभासद रवणंय नाय."

गुरुदासने कागद घेतला. 'मा. अध्यक्ष यांस' लिहिलं. 'अर्ज करतो की' लिहिलं. 'माझ्या सहीवर' इथपर्यंत टाक चालला आणि थांबला. शाईचा ठिपका पसरत गेला.

"काय झाला?" परशुराम म्हणाला. "अक्षर इसारलंस?"

"परशुराम काका," गुरुदास म्हणाला, आणि त्या खोलीत दहा वर्षांत पहिल्यांदा तो मालवणीत बोलला, "तुमच्या सहीक काय एक झाला नाय. सही माझी खोटी होती."

मग त्याने सांगितलं. टाच, चहा, महादू, मिरज, दोन काशी. आणि श्रावणातली ती ओसरी, जिथे त्याला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. परशुराम खिडकीकडे बघत ऐकत होता. मध्ये एकदा त्याने बंडीच्या टोकाने डोळे पुसले. रडत होता की घाम होता, गुरुदासने वर बघितलं नाही.

म्हातारा म्हणाला, "त्या शेनवारी मी दात काढूक इललंय. बायल म्हणाली कोणाक सांगा नको, हसतले." मग काठी टेकत उभा राहिला. "माका सांगान काय उपेग? तिका सांग. चल. मी येतंय."

गुरुदासने कपाट उघडून तक्त्याची नक्कल उतरून घेतली. हा गुन्हा होता, तरी त्याने ती खिशात घातली.

काशीबाई अंगणात सुंब वळत बसली होती, हातानेच. परशुराम अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर थांबला. चार वर्षांत त्याने तो गडगा ओलांडला नव्हता. गुरुदास आत गेला आणि उभ्याउभ्याच त्याने कागद वाचून दाखवला.

काशीबाई आधी हसली. खरोखरच हसली. "मिरजेक? माझ्या घोवान मिरज डोळ्यान बघूक नाय! ती देवबागची काशी, केशवाची. तिचो घो गेलो बिचारो, त्याच वर्सा. माका एकदा इचारतास तर..." आणि मग तिचं हसू तसंच तोंडावर राहिलं आणि डोळे गडग्याकडे गेले.

तिने हातातलं सुंब खाली ठेवलं. पदर कपाळापर्यंत ओढला.

"भावजी," ती म्हणाली, "चेडवाच्या लग्नाक मी इलंय नाय."

परशुराम म्हणाला, "लग्न झाला. तिका आता दोन पोरा आसत."

एवढंच. त्यात राग नव्हता, पण जाऊ दे असंही त्याने म्हटलं नाही. जे होऊन गेलं ते होऊन गेलं होतं. काशीबाई गुरुदासकडे वळली.

"तुमी सांगलात आणि हलके झालात," ती म्हणाली. "आता ह्या मी खंय ठेवू? चार वर्सा मी ह्या माणसाक गावभर काळो केलंय. तुमचा लिवलेला कपाटात होता. माझा बोलणा घराघरात आसा. ता कोणाच्या कपाटातसून काढू मी? आणि हौसाक कोण सांगतलो?"

गुरुदासने कागदाची घडी घातली. तो म्हणाला, "माफी..." आणि ती म्हणाली, "नको. आता नको." तो सायकल हातात धरून मालवणपर्यंत चालत गेला. वाळू संपली तरी बसला नाही.

त्या वर्षीची वार्षिक सभा शाळेच्या पडवीत भरली. हिशेब वाचून झाल्यावर गुरुदास खाली बसला नाही. त्याने स्वतःची गोष्ट सभेला सांगितली, काशीबाईचं आणि परशुरामचं नाव त्यांना विचारून घेऊन. पुढच्या रांगेत नर्मदाचे भाऊ बसले होते; त्यांनी माना खाली घातल्या. मग त्याने ठराव मांडला. ज्याचा अर्ज नाकारला त्याला कारण लेखी कळवावं, त्याच्याबद्दल काय लिहिलंय ते त्याने मागितलं तर दाखवावं, आणि ते चुकीचं असेल तर त्याला तसं सांगण्याची एक संधी द्यावी.

गलका झाला. "मग शेजारी शेजाऱ्याबद्दल खरं बोलेल कशाला?" एकाने विचारलं, आणि प्रश्न काही खोटा नव्हता.

"कुणी सांगितलं ते नका दाखवू," गुरुदास म्हणाला. "काय लिहिलं ते दाखवा. माणसाबद्दल कागदावर लिहायचं आणि त्यालाच सोडून सगळ्यांनी वाचायचं, हे मी दहा वर्षं केलं. मला विचारा ते कसं असतं."

मागे बायकांत बसलेली काशीबाई उठली. सभेत बाई बोलली असं तोवर झालं नव्हतं. "माका कर्ज नको," ती म्हणाली. "मी त्यासाठी येवक नाय. पण तुमचो तो रकानो माका दाखवलो असतो, तर मी एका शब्दात सांगलंय असतंय. एक शब्द. आणि ह्या म्हाताऱ्याचा नाव गेला नसता. ता नाव मी घालवलंय, ताही हयसर सगळ्यांसमोर सांगतंय." आणि ती बसली. शेजारच्या बायांनी तिच्याकडे बघितलं नाही, पण एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला.

ठराव अर्धाच पास झाला. कारण लेखी द्यायचं, इतकं लोकांनी मानलं. तक्ता दाखवणं मात्र अध्यक्षांच्या मर्जीवर राहिलं. दाजी नाईकांनी दुसऱ्या दिवशी गुरुदासचा राजीनामा मागितला, गुप्तता मोडल्याबद्दल. त्याने तो आधीच लिहून खिशात ठेवला होता. पुढे मंगलोरी कौलांच्या वखारीत त्याला लिहिण्याचं काम मिळालं. पगार निम्मा.

काशीबाईने पतपेढीचं कर्ज कधीच घेतलं नाही. धोंडूच्या कमाईतून एक रहाट आला. सोडणं परशुरामने दिली, विकल्यावर पैसे दे म्हणून. ती पुन्हा त्याच्या विहिरीवर पाण्याला जाऊ लागली, पण सगळ्यांचं भरून झाल्यावर, शेवटी. परशुरामने सभासदत्व सोडलं नाही. भाचा येऊन पाया पडून गेला. तरी एकदा म्हाताऱ्याने कुणाला तरी सांगितलं म्हणतात, "लोक परत बोलवतत. पण बोलवच्या आधी एकमेकांकडे बघतत."

लोक त्या नियमाला 'वायंगणकरांचा ठराव' म्हणू लागले. कुणाचा अर्ज पडला आणि कारण हातात आलं की तो बाजारात गुरुदासला गाठून म्हणायचा, "तुमच्यामुळे कळला." अशा वेळी गुरुदासचे कान लाल व्हायचे आणि तो काहीतरी कामाचं निमित्त करून निघून जायचा.

हौसाबाईला त्याने दोन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. तिला वाचता येत नव्हतं. शेवटी १९६२च्या एप्रिलमध्ये वखारीच्या कामाने तो बोटीने मुंबईला गेला आणि पत्ता विचारत विचारत गिरगावातल्या त्या चाळीत पोचला. हौसाबाई मोरीत भांडी घासत होती. गावचा माणूस बघून तिला इतका आनंद झाला की त्याला तोंड उघडवेना. तरी त्याने सांगितलं. ती घासता घासता ऐकत होती.

"म्हणजे तो अर्ज पास झालो असतो?" तिने विचारलं.

"झालो असतो."

तिने कढईत पाणी ओतलं, राख धुतली, कढई पालथी घातली. "मगे मी हयसर येवचंय नसतंय," ती म्हणाली. कुणाला दोष द्यावा तसं नव्हे. एखादी बेरीज जुळली की म्हणावं तसं. जरा वेळाने हात पुसत ती आत गेली आणि एक गाठोडं घेऊन आली. "मालवणाक जातास मां? ह्या माझ्या सासयेक नेवन दी. पोरांचे कपडे आसत. चेडवाक फ्रॉक, झिलाक सदरो. माप म्हायत नाय, अंदाजान घेतलंय. किती वाडली असती, काय म्हायत."

बोटीवर सगळा वेळ ते गाठोडं त्याने मांडीवर ठेवलं होतं. सोबतच्या एकाने खाली ठेवा म्हटलं, त्याने ऐकलं नाही. मालवणला उतरल्यावर घरी न जाता तो थेट तारकर्लीला गेला. हौसाबाईच्या सासूने ओसरीवर गाठोडं सोडलं आणि नातीला हाक मारली. मुलगी धावत आली. आईने पाठवलेला फ्रॉक तिने असलेल्या कपड्यांवरूनच डोक्यातून घातला आणि खाली ओढत राहिली.

तो वीतभर तोकडा होता. बाह्यांत हात शिरेनात.

"बरो आसा," मुलगी म्हणाली आणि तो तसाच घालून अंगणात गेली.